मॅन्युअल स्पोर्ट्स कारचे ॲव्हरेज : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आपल्याकडे ‘स्पोर्ट्स कार’ हा शब्द सैलपणे वापरला जातो. येथे त्यात दोन आसनांची, मागच्या चाकांनी ढकलली जाणारी खरीखुरी स्पोर्ट्स कार येते, तशीच टर्बो (दाबाने जादा हवा आत ढकलणाऱ्या) पेट्रोल इंजिनाची आणि हाताने गिअर टाकायची चपळ हॅचबॅक किंवा सेडानही येते. महाराष्ट्रातून येणारे बहुतेक प्रश्न या दुसऱ्या प्रकाराबद्दलच असतात. उत्तरे पेट्रोल गाड्यांपुरती आहेत. माझी स्वतःची गाडी १.५ लिटर टर्बो, सहा गिअरची सेडान असून आठवड्यातले पाच दिवस ती कोथरूड ते हिंजवडी धावते, हे उत्तरे वाचताना लक्षात असू द्यावे.

१. कंपनीने सांगितलेला आकडा आणि प्रत्यक्ष मिळणारे ॲव्हरेज यांत एवढा फरक का?

कंपनीचा आकडा रस्त्यावर मोजलेला नसतो. गाडी प्रयोगशाळेत रोलरवर चढवून, ठरलेल्या वेळापत्रकानुसार वेग कमी-जास्त करत, एसी बंद ठेवून तो काढलेला असतो, आणि त्या वेळापत्रकात गाडी ताशी ९० किलोमीटरच्या वर जातच नाही. दोन गाड्यांची तुलना करायला तो ठीक आहे. महिन्याच्या पेट्रोलचा हिशेब त्यावर बांधू नये. ताकदवान गाडीत ही तफावत आणखी वाढते, कारण शहरात तिच्या इंजिनाला कुवतीच्या मानाने फारच थोडे काम असते आणि पेट्रोल इंजिन सर्वांत उधळे असते ते अशा रिकामटेकड्या अवस्थेतच. याचे कारण प्रश्न ३ मध्ये आहे.

२. ॲव्हरेज नेमके कसे मोजावे? डॅशबोर्डवरचा आकडा खरा मानावा का?

टाकी फुल ते टाकी फुल हीच भरवशाची पद्धत आहे. शक्यतो एकाच पंपावर, त्याच बाजूच्या नोझलने, पहिला ऑटो कट होईपर्यंत पेट्रोल भरावे आणि ट्रिप मीटर शून्यावर आणावा. पुढच्या वेळी तसेच भरून, धावलेल्या किलोमीटरना भरलेल्या लिटरने भागावे. ६१२ किलोमीटरनंतर ४३.४ लिटर बसले, तर ॲव्हरेज १४.१. सारा घोळ होतो तो कट झाल्यानंतर पंपावरचा माणूस “राउंड फिगर करू का?” असे विचारतो तेव्हा. त्याला ‘नको’ म्हणावे, कारण त्या राउंड फिगरमध्ये कधी पाव लिटर जाते, तर कधी दीड. एका टाकीवरून निष्कर्ष काढू नये, निदान तीन टाक्यांची बेरीज घ्यावी. डॅशबोर्डवरचा आकडा बहुधा थोडा आशावादी असतो. मात्र एकाच गाडीत तो साधारण सारखाच चुकत असल्यामुळे ‘कालच्यापेक्षा आज बरे की वाईट’ एवढे तो सांगू शकतो.

आणखी एक चूक बरेच जण करतात. जाताना १० आणि येताना २० मिळाले, तर सरासरी १५ होत नाही. शंभर किलोमीटर जायला १० लिटर आणि यायला ५ लिटर लागले, म्हणजे २०० किलोमीटरना १५ लिटर, ॲव्हरेज १३.३.

३. गिअर नेमका कोणत्या आरपीएमला बदलावा?

आधी कारण सांगतो, म्हणजे आकडा पाठ करावा लागणार नाही. पेट्रोल इंजिनाच्या हवेच्या वाटेवर एक झडप असते. ॲक्सिलरेटर जेमतेम दाबलेला असतो तेव्हा ती जवळजवळ मिटलेली असते आणि पिस्टनला त्या फटीतून हवा ओढून घ्यावी लागते. नाक चिमटीत धरून पळावे, तसा हा प्रकार आहे. तोच वेग वरच्या गिअरमध्ये ठेवला की आरपीएम उतरते, झडप अधिक उघडावी लागते, हवा मोकळेपणी आत येते, आणि मिनिटाला फेऱ्या कमी झाल्यामुळे घर्षणही घटते. म्हणून एकाच वेगाला, गाडी सहज ओढत असेल तोवर, वरचा गिअर हाच स्वस्त गिअर असतो.

टर्बो इंजिनाला जोर खालूनच, म्हणजे कमी आरपीएमलाच, मिळत असल्यामुळे सपाट रस्त्यावर २,००० ते २,२०० आरपीएमला गिअर बदलता येतो. माझ्या गाडीत ताशी ५० ला चौथा, ६५ च्या आसपास पाचवा आणि ८० नंतर सहावा सहज चालतो. गिअर बदलण्याची सूचना देणारा डॅशबोर्डवरचा बाण ऐकण्यासारखा असतो, पण समोरचा चढ किंवा पुढे थांबलेली बस त्याला दिसत नाही. टर्बो नसलेल्या इंजिनासाठी प्रश्न १४ पाहा.

४. इतक्या कमी आरपीएमला चालवून इंजिन खराब होणार नाही का?

कमी आरपीएम आणि हलका पाय यांत काहीच बिघडत नाही. बिघडते ते कमी आरपीएमला पाय पूर्ण दाबल्यावर. सहाव्या गिअरमध्ये १,३०० आरपीएम असताना ट्रकला ओलांडण्यासाठी ॲक्सिलरेटर तळाला नेला की गिअरच्या दांड्यात थरथर येते, केबिनमध्ये घुमल्यासारखा आवाज होतो आणि गाडी मात्र जागची हलत नाही. पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या छोट्या टर्बो इंजिनात अशा वेळी ठिणगी पडण्याआधीच मिश्रण पेट घेण्याचा धोका असतो, आणि त्याचा घाव पिस्टनवर बसतो. एपीआय एसपी या २०२० पासूनच्या दर्जाच्या ऑइलमध्ये हा धोका कमी करण्याची सोय असते. तरीही पहिला उपाय एक-दोन गिअर खाली येण्याचाच. थरथर जाणवली की खालचा गिअर टाकावा, मग ॲव्हरेजचा विचार करावा.

५. ॲक्सिलरेटर अगदी हळू, अंडे ठेवल्यासारखा दाबायचा ना?

हा सल्ला सर्वाधिक ऐकू येतो आणि मॅन्युअल गाडीत तो अर्धाच खरा आहे. अगदी हळू वेग वाढवणारा चालक दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये जास्त वेळ रेंगाळतो. अर्ध्याच्या आसपास पाय दाबून, प्रश्न ३ मधल्या आरपीएमला गिअर बदलत लवकर हव्या त्या वेगाला पोहोचावे आणि मग पाय हलका करावा. पाय पूर्ण दाबण्याचा अतिरेक मात्र टाळावा, कारण पूर्ण जोराच्या वेळी अनेक टर्बो इंजिने आतले तापमान आवरण्यासाठी गरजेपेक्षा जास्त पेट्रोल फवारतात.

६. मधला गिअर गाळून दुसऱ्यावरून थेट चौथा टाकला तर चालेल का?

चालेल. दुसऱ्या गिअरमध्ये वेग पुरेसा घेतला असेल, तर तिसरा केवळ शिष्टाचार म्हणून टाकण्याची गरज नसते. चौथ्यात १,५०० च्या खाली आरपीएम जाणार नाही एवढे पाहावे. ही युक्ती स्पोर्ट्स कारला परकी नाही. १९८९ च्या मॅन्युअल शेवरोले कॉर्व्हेटमध्ये इंजिन गरम असताना आणि पाय हलका असताना गिअरचा दांडा पहिल्यावरून सरळ चौथ्यातच जाईल, अशी सक्तीची योजना होती, आणि ती अमेरिकेतल्या सरकारी इंधन चाचणीत आकडा सुधारण्यासाठीच केलेली होती. मालकांना ती आवडली नाही आणि ती निकामी करणारे सुटे भाग बाजारात आले, हा भाग वेगळा.

७. उतारावर गाडी न्यूट्रल केली तर पेट्रोल वाचते का?

फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत उलट आहे. गाडी गिअरमध्ये असताना पाय पूर्ण काढला की चाकेच इंजिनाला फिरवतात, हे इंजिनाचा संगणक ओळखतो आणि पेट्रोलचा फवारा पूर्ण बंद करतो. आरपीएम साधारण १,२०० ते १,५०० च्या खाली उतरेपर्यंत तो बंद राहतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन बंद पडू नये म्हणून त्याला पेट्रोल द्यावेच लागते, आणि दीड लिटरच्या इंजिनाला एसीसह ते ताशी पाऊण लिटरच्या आसपास लागते. क्लच दाबून उतरणे म्हणजे न्यूट्रलच. ‘न्यूट्रल म्हणजे बचत’ ही समजूत कार्ब्युरेटरच्या जमान्यातली आहे, आणि वडीलधारे शेजारी बसून ती सांगतात तेव्हा वाद न घालता गाडी गिअरमध्येच ठेवावी.

अपवाद प्रामाणिकपणे सांगायला हवा : अगदी मंद उतारावर गिअरमध्ये गाडी अडते आणि न्यूट्रलमध्ये पुष्कळ लांब घरंगळते, तेव्हा कागदावर न्यूट्रल जिंकू शकते. तरीही मी तसे करत नाही. वरचा गिअर आणि नखभर ॲक्सिलरेटर यावर काम भागते, आणि अचानक जोर लागला तर इंजिन हाताशी असते. घाटात तर हा प्रश्नच नाही. तेथे इंजिनाचा अटकाव नसेल तर सगळा भार ब्रेकवर येतो, आणि तापलेले ब्रेक धरत नाहीत.

८. सगळे नियम पाळूनही शहरात ९-१० च्या वर का जात नाही?

कारण शहरात पेट्रोल ॲक्सिलरेटरपेक्षा ब्रेकमध्ये अधिक जाते. १,३०० किलोची गाडी ताशी ६० वर आणायला जी ऊर्जा लागते, तिच्यासाठी सुमारे २० मिलिलिटर, म्हणजे चहाचे चार चमचे, पेट्रोल जळते. १०० वर आणायला सुमारे ५० मिलिलिटर लागते. कटिंग चहाचा ग्लास डोळ्यांसमोर आणावा. ब्रेक दाबला की तेवढे पेट्रोल उष्णता होऊन चाकांतून उडून जाते. पुढचा सिग्नल लाल दिसत असतानाही तिसऱ्यात रेस देऊन तिथवर जायचे आणि ब्रेक दाबायचा, असे दिवसातून वीसदा केले, तर नुसत्या थांबण्यातच जवळजवळ अर्धा लिटर जाते.

त्यामुळे नजर पुढच्या गाडीच्या मागच्या काचेवर नव्हे, त्यापलीकडच्या दोन-तीन गाड्यांवर ठेवावी. अंतर ठेवले की मधल्या जागेत रिक्षा घुसते हे खरे; घुसू द्यावी. सिग्नलला ९० सेकंद थांबायचे असेल तर इंजिन बंद करावे, कारण पुन्हा सुरू करायला लागणारे पेट्रोल दहा सेकंदांच्या आयडलिंगपेक्षा जास्त नसते. सकाळी गाडी पाच मिनिटे उभ्या उभ्या गरम करण्याचीही गरज नाही. अर्ध्या मिनिटात निघावे आणि पहिले दोन-तीन किलोमीटर नरमाईने चालवावी. घरापासून दोन किलोमीटरवरच्या जिमला रोज गाडी नेणाऱ्याला चांगले ॲव्हरेज मिळणार नाही, कारण त्याचे इंजिन तापण्याआधीच बंद होते.

९. मुंबईहून पुण्याला येताना ॲव्हरेज नेहमी कमी आणि जाताना जास्त का मिळते?

गाडीत दोष नाही, मधे बोरघाट आहे. खोपोली ते लोणावळा या पट्ट्यात गाडी सुमारे ५५० मीटर वर चढते. दोन माणसांसह साडेचौदाशे किलोची गाडी एवढी उचलायला, चालवण्याच्या नेहमीच्या खर्चाव्यतिरिक्त, पाऊण लिटरच्या आसपास पेट्रोल लागते, आणि ते कोणत्याही शैलीने वाचवता येत नाही. वाचवता येते ते चुकीच्या गिअरमुळे वाया जाणारे. चढावर वरच्या गिअरचा हट्ट धरू नये. इंजिन २,००० ते २,५०० आरपीएममध्ये राहील असा गिअर धरावा आणि ट्रकमागे अडकून वेग घालवण्यापेक्षा आधीच मोकळी लेन पाहून ठेवावी. उलट दिशेने उतरताना प्रश्न ७ प्रमाणे गिअरमध्ये राहिले, तर उंचीचा बराचसा परतावा मिळतो, पण पूर्ण कधीच नाही. म्हणून ॲव्हरेज नेहमी जाऊन-येऊन एकत्र मोजावे.

१०. एक्स्प्रेसवेवर सर्वांत किफायतशीर वेग कोणता?

सहावा गिअर विनातक्रार चालेल असा सर्वांत कमी वेग, म्हणजे बहुतेक गाड्यांत ७० ते ९०. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो : ८० च्या तुलनेत १०० ला तो ५६ टक्के जास्त असतो आणि १२० ला सव्वादोन पट. टायर आणि यंत्राचे घर्षण तसे वाढत नसल्यामुळे एकूण खप इतका चढत नाही, पण १०० च्या वर फरक टाकीत दिसतोच.

मुंबई-पुणे मार्गावर हा निर्णय सोपा आहे. सपाट भागात १०० ची मर्यादा आहे आणि शंभर किलोमीटरचे अंतर ९० ने कापले तर जेमतेम सात मिनिटे जास्त लागतात. ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गावर मात्र १२० आणि १०० यांत कागदावर सुमारे ७० मिनिटांचा फरक पडतो, त्यामुळे तेथे वेळ आणि पैसा यांचा व्यवहार ज्याचा त्याने ठरवावा. माझे मत विचाराल तर १००; त्या तापलेल्या काँक्रीटवर टायरचाही विचार करावा लागतो. क्रूझ कंट्रोल सपाटीवर लावावे, चढ-उतारांच्या पट्ट्यात काढावे, कारण चढावर ताशी चार-पाच किलोमीटर वेग सोडून देण्याची समज त्याला नसते.

११. एसी बंद करून काचा उघडल्या तर?

गल्लीबोळात फायदा होतो, ८० च्या वर होत नाही, आणि पुण्याच्या मे महिन्यात हा प्रश्न कोणी दुपारी विचारत नाही. उन्हात उभी असलेली गाडी आधी काचा उघडून अर्धा किलोमीटर न्यावी, मग एसी लावावा.

१२. टायरमध्ये हवा किती ठेवावी? रुंद टायर लावल्याने ॲव्हरेज कमी होते का?

हवेचा आकडा चालकाच्या दाराच्या चौकटीवर किंवा पेट्रोलच्या झाकणाच्या आत चिकटवलेला असतो. पंपावर “पस्तीस मारू का?” असे विचारले जाते ते गाडी न बघता. हवा सकाळी, टायर थंड असताना तपासावी. चालून तापलेल्या टायरमध्ये ती तीन-चार पीएसआयने जास्त दिसते आणि ती ‘बरोबर’ करून घेणारा माणूस प्रत्यक्षात कमी हवेवर घरी जातो. नायट्रोजनचा ॲव्हरेजशी संबंध नाही. साध्या हवेतही तो ७८ टक्के असतो.

रुंद टायर आणि मोठी रिम यांनी ॲव्हरेज निश्चित कमी होते, कारण वजन, हवेचा विरोध आणि रस्त्याशी घर्षण ही तिन्ही वाढतात. शिवाय टायरचा एकूण व्यास बदलला तर ओडोमीटरही चुकू लागतो आणि प्रश्न २ मधला हिशेब बिघडतो. पावसाळ्यातल्या खड्ड्यांनंतर अलाइनमेंट तपासून घ्यावे.

१३. ई-२० पेट्रोलमुळे ॲव्हरेज घटते का? मग १०० ऑक्टेनचे पेट्रोल भरावे का?

घटते. एक लिटर इथेनॉलमध्ये एक लिटर पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांश ऊर्जा असते, म्हणून २० टक्के मिश्रणात ऊर्जा साधारण ६ ते ७ टक्के कमी भरते. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातही जुन्या रचनेच्या चारचाकींसाठी ६-७ टक्के आणि ई-२० साठी जुळवलेल्या गाड्यांसाठी १-२ टक्के घटीचा अंदाज दिलेला आहे. कोल्हापूरकडच्या सासुरवाडीत, जिथे अर्ध्या घराचा ऊस कारखान्याला जातो, हा विषय मी जपून काढतो. पण हिशेब हा असा आहे.

ऑक्टेन ही वेगळी गोष्ट आहे. ऑक्टेनचा आकडा ऊर्जा सांगत नाही, नॉकिंगला (मिश्रण अवेळी पेटून इंजिन खटखटण्याला) दाद न देण्याची क्षमता सांगतो. झाकणावर ९५ लिहिले असेल तर ९५ चे भरण्यात अर्थ आहे, कारण कमी ऑक्टेनवर संगणक ठिणगीची वेळ मागे सरकवतो आणि जोर व ॲव्हरेज दोन्ही उतरतात. त्यापुढे १०० चे भरून बचत साधणे व्यवहारात जमत नाही. भावातला फरक मिळणाऱ्या फायद्याहून मोठा असतो.

१४. माझी गाडी टर्बो नाही. परदेशात राहतो, माझदा एमएक्स-५ चालवतो. हेच नियम लागू होतात का?

तत्त्व तेच, आकडे वेगळे. टर्बो नसलेल्या इंजिनाचा जोर वरच्या आरपीएमला असतो, त्यामुळे गिअर २,५०० च्या आसपास बदलावा आणि चढावर आणखी मोकळेपणा द्यावा. २०१५ पासूनच्या एमएक्स-५ मध्ये सहावा गिअर एकास एक आहे. ताशी १०० ला इंजिन सुमारे २,५०० आरपीएमवर फिरते. म्हणजे हा गिअर आरामासाठी लांबवलेला नाही आणि ताशी ६० लाही तो वापरता येतो. गाडी जेमतेम अकराशे किलोंची असल्यामुळे प्रश्न ८ मधले नुकसान तुम्हाला आमच्यापेक्षा कमी आहे. छत उघडून हायवेवर गेलात तर हवेचा विरोध वाढेल, पण छत बंद ठेवायला कोणी ती गाडी घेत नाही.

१५. दोन सिलिंडर बंद होणारे इंजिन असेल तर वेगळे काही करावे लागते का?

फोक्सवॅगन आणि स्कोडाच्या १.५ टीएसआय इंजिनात हलक्या भारावर चारपैकी दोन सिलिंडर बंद होतात, आणि राहिलेल्या दोघांना जास्त काम पडते. प्रश्न ३ मधल्या झडपेवरचाच हा उपाय आहे. पाय स्थिर ठेवला की ती अवस्था टिकते, सतत आत-बाहेर केला की मोडते. डॅशबोर्डवर त्याची खूण दिसते. ती पाहत पाय स्थिर ठेवण्याची सवय दोन आठवड्यांत लागते.

१६. हील-अँड-टो (ब्रेक दाबतानाच त्याच पायाने रेस देऊन खालचा गिअर टाकणे) करताना दिलेल्या रेसने किती पेट्रोल जाते?

नगण्य. खाली येताना दिलेली छोटी रेस अंशमात्र सेकंदाची असते आणि तिने क्लच वाचतो. खर्च होतो तो त्यानंतर ३,५०० आरपीएमवर तिसऱ्यातच राहण्याने. रविवारी पहाटे ताम्हिणीत गाडी मनासारखी चालवावी आणि ती टाकी हिशेबातून वगळावी. मी तसेच करतो.

१७. रीमॅप (इंजिनाच्या संगणकातली मांडणी बदलणे), मोकळा एअर फिल्टर, सिगारेट लायटरमध्ये लावायचे उपकरण : यांपैकी कशाने ॲव्हरेज वाढते?

लायटरमधल्या उपकरणाने त्यातला दिवा लागतो. एअर फिल्टर तुंबला तर आजच्या गाडीत पिकअप घटते, ॲव्हरेज फारसे नाही, कारण हवा मोजूनच पेट्रोल सोडले जाते. म्हणून महागड्या फिल्टरनेही ते वाढत नाही. रीमॅपने खालचा जोर वाढतो आणि कागदावर वरचा गिअर लवकर टाकता येतो. पण वाढलेला जोर न वापरणारा मालक मी अजून पाहिलेला नाही, आणि वॉरंटी जाते ती जातेच.

१८. चालवण्याची पद्धत तीच असताना ॲव्हरेज अचानक पडले. काय तपासावे?

आधी हवा, मग प्रश्न १३ मधले इंधन, मग डिकीतले सामान. त्यानंतर दोन गोष्टी, ज्या सहसा कोणाला सुचत नाहीत. थर्मोस्टॅट (इंजिनाचे तापमान राखणारी झडप) उघडा अडकला तर इंजिन पुरेसे तापत नाही आणि संगणक त्याला थंड समजून जास्त पेट्रोल देत राहतो. दुसरी गोष्ट म्हणजे घासत राहिलेला ब्रेक. गेल्या पावसाळ्यात माझी गाडी दहा दिवस उभी होती. त्यानंतर ॲव्हरेज साडेतेरावरून अकरावर आले. सर्व्हिस सेंटरने इंजेक्टर साफ करण्याचे सुचवले, बिलही केले, पण आकडा हलला नाही. शेवटी एकदा ब्रेक फारसा न दाबता वीस किलोमीटर जाऊन आलो आणि चारही रिमजवळ हात नेला. तीन कोमट होत्या, मागच्या डावीकडे हात टिकत नव्हता. कॅलिपरची पिन गंजून अडकली होती. ती साफ करून ग्रीस लावली आणि पुढच्या टाकीला १३.४ मिळाले.